‘किडनी फेल’ हे आजाराचे नाव नाही : बायोप्सीची नोंद आणि नोंदीबाहेर राहिलेली माणसे

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अलीकडे एक संवाद वारंवार ऐकू येतो. “काय झालं होतं?” “किडनी फेल झाली.” ऐकणारा मान हलवतो आणि विषय तिथेच संपतो. कशामुळे झाली, कधीपासून बिघडत होती, वेळीच कळले असते तर वाचली असती का, हे कुणी विचारत नाही. जणू ‘किडनी फेल’ हे एखाद्या आजाराचे नाव आहे.

ते नाव नाही, तो शेवट आहे. घर पडले असे म्हटल्याने पाया खचला, वाळवी लागली की पूर आला हे कळत नाही. किडनीचेही तसेच आहे. आत वेगवेगळे डझनभर आजार असतात, त्यांची कारणे वेगळी आणि उपचारही वेगळे. ते ओळखण्याचे सर्वात खात्रीचे साधन म्हणजे किडनीची बायोप्सी. अशा हजारो बायोप्सींची पद्धतशीर नोंद ठेवली तर एका रुग्णाच्या पलीकडचे दिसू लागते : कोणत्या भागात, कोणत्या वयात, कोणत्या कामात कोणता आजार वाढतो आहे. अशा नोंदवहीला बायोप्सी रजिस्ट्री म्हणतात. हा विषय डॉक्टरांच्या परिषदेतला वाटला, तरी तो आपल्या वस्तीचा, आपल्या शेतमजुरांचा आणि आपल्या आयाबहिणींचा विषय आहे.

बायोप्सी म्हणजे कॅन्सर नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. डॉक्टरांनी बायोप्सी हा शब्द उच्चारला की घरात रडारड सुरू होते, कारण आपल्याकडे बायोप्सी म्हणजे कॅन्सर असे समीकरण झाले आहे. किडनीच्या बाबतीत बहुतेक वेळा कॅन्सरचा संबंधच नसतो.

माणसाच्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्त या गाळण्यांतून जाते आणि पुढे बारीक नलिकांतून लघवी तयार होते. बायोप्सीत रुग्णाला पोटावर झोपवतात, पाठीची जागा बधिर करतात आणि सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने किडनीचा दोऱ्याएवढा, एक-दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा काढतात. त्यात आठ-दहा किंवा अधिक गाळण्या आल्या की निदान करता येते. नंतर काही तास पडून राहावे लागते. थोडा रक्तस्राव होऊ शकतो. गंभीर रक्तस्राव क्वचित होतो. डेन्मार्कमधील इव्हर्सन आणि ब्रुन या डॉक्टरांनी १९५१ मध्ये सुईने किडनीची बायोप्सी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तोपर्यंत किडनीत नेमके काय बिघडले हे बहुधा शवविच्छेदनानंतरच कळे.

तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, चमकणारी रसायने वापरून प्रतिपिंडे कुठे साचली आहेत ते तपासतात आणि सोय असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही ठेवतात. एवढा खटाटोप कशासाठी? समजा तीन रुग्ण आले. तिघांच्याही तोंडावर सूज, तिघांच्याही लघवीतून प्रथिने जातात. बायोप्सीत कळते की एकीला ल्युपस आहे, दुसऱ्याच्या किडनीवर मधुमेहाचा परिणाम झाला आहे आणि तिसऱ्याला आयजीए नेफ्रोपॅथी आहे. ल्युपसला प्रतिकारशक्ती आवरणारी जोरकस औषधे लागतात. मधुमेहाच्या रुग्णाला त्यांचा उपयोग नाही, उलट स्टेरॉइडने साखर आणखी भडकेल. लक्षणे सारखी, पण औषधे वेगळी. निदान चुकले तर किडनी जाते, कधी माणूसही.

नोंदवही काय सांगते

एका बायोप्सीने एका रुग्णाचा फायदा होतो. डेन्मार्कमध्ये १९८५ पासून, इटलीत १९८७ पासून आणि नॉर्वेत १९८८ पासून या निदानांची राष्ट्रीय पातळीवर नोंद होऊ लागली. स्पेनने १९९४ मध्ये, तर जपानने २००७ मध्ये अशी नोंद सुरू केली. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ ते २००२ या काळातील पाच हजारांहून अधिक बायोप्सींचा आढावा प्रसिद्ध केला. एका रुग्णालयाचे ते मोठे काम आहे.

अशा नोंदींतून काळाची चाल दिसते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील १९८६ ते २०१५ या तीस वर्षांच्या बायोप्सी मांडल्या, तेव्हा मधुमेहाने झालेल्या गाळण्यांच्या आजाराचे प्रमाण साडेपाच टक्क्यांवरून एकोणीस टक्क्यांवर गेलेले दिसले. प्रदेशाप्रदेशांतला फरकही कळतो. १९६८ मध्ये पॅरिसमध्ये बर्जर आणि हिंग्लेस यांनी वर्णन केलेली आयजीए नेफ्रोपॅथी आशिया आणि युरोपच्या नोंदींत आघाडीवर आढळते, तर उत्तर अमेरिकेत गाळण्या जागोजागी कडक होण्याचा आजार पुढे असतो.

पण इथे सावध राहायला हवे. बायोप्सीच्या नोंदवहीत समाज दिसत नाही, सुईपर्यंत पोहोचलेली माणसे दिसतात. जपानमध्ये १९७०च्या दशकापासून शाळकरी मुलांची दरवर्षी लघवी तपासली जाते, त्यामुळे आयजीए नेफ्रोपॅथी अगदी सौम्य असतानाच सापडते आणि नोंदीत तिचा आकडा वाढतो. जिथे लघवी तपासतच नाहीत, तिथे तोच आजार कमी आहे असे वाटते. मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांची बायोप्सी होतच नाही, कारण डॉक्टरांना कारण माहीत असते. म्हणून ‘बायोप्सीत दहा टक्के सापडला’ याचा अर्थ ‘समाजात दहा टक्के आहे’ असा होत नाही. आकडा वाचताना पहिला प्रश्न हाच : मोजले कुणाला?

गोरेपणाच्या क्रीमची किंमत

नोंद नीट ठेवली तर ती काय करू शकते, याचे उदाहरण भारतातच आहे आणि ते आपल्याला अस्वस्थ करणारे आहे.

मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी नावाच्या आजारात गाळणीच्या पडद्यावर प्रतिपिंडे साचतात आणि लघवीतून प्रथिने वाहून जातात. त्याचा ‘नेल-१’ हा उपप्रकार पाश्चात्त्य देशांत बरेचदा कॅन्सरशी जोडला गेला होता. केरळमधील डॉक्टरांना मात्र वेगळेच दिसले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जण नेल-१ प्रकारचे होते आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा गोरी करणारी क्रीम वापरत होते. अशा क्रीममध्ये पारा असतो. तो मेलॅनिन तयार होऊ देत नाही, त्वचेतून रक्तात उतरतो आणि किडनीच्या गाळणीपर्यंत पोहोचतो. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार उताराला लागला. त्याआधी डॉक्टरांनी पारा असलेल्या पारंपरिक औषधांचा आणि याच नेल-१ प्रकाराचा संबंध दाखवून दिला होता.

हे कसे उमगले, तेही पाहू. एकट्या रुग्णाकडे पाहून कुणालाही क्रीमची शंका आली नसती. एकाच प्रकारचे निदान पुन्हा पुन्हा समोर आले, म्हणून डॉक्टरांनी विचारले की या सगळ्यांत समान काय आहे? निदान, नोंद, प्रश्न, कारण आणि मग प्रतिबंध, असा तो क्रम आहे. काळा रंग कमीपणाचा मानणाऱ्या समाजाने आपल्या मुलींच्या हातात ही डबी दिली. तिची किंमत किडनीने मोजली.

जे सुईपर्यंत पोहोचतच नाहीत

आता नोंदवहीच्या बाहेर पाहू. बायोप्सी कधी करता येत नाही? किडनी आकसून लहान झाली की. तेव्हा सुई घालण्यात धोका वाढतो आणि सुईने मिळालेल्या तुकड्यात व्रणाशिवाय काही दिसत नाही. मूळ आजाराचा पुरावा पुसला गेलेला असतो. म्हणजे जो उशिरा आला, त्याचे कारण कायमचे अज्ञात राहिले. आणि उशिरा कोण येते? ज्याचा खाडा झाला की रोज बुडतो, ज्याच्या गावापासून नेफ्रॉलॉजिस्ट शंभर किलोमीटरवर असतो.

हे भारताच्या आकड्यांतच दिसते. इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीच्या पुढाकाराने दीर्घकालीन किडनीविकाराची देशव्यापी नोंद सुरू झाली आणि २०१२ मध्ये तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ५२,२७३ प्रौढ रुग्ण होते. ३१ टक्के रुग्णांत मधुमेह हे कारण होते, १४ टक्के रुग्णांत गाळण्यांचा दीर्घकालीन दाह आणि १३ टक्के रुग्णांत उच्च रक्तदाब. १६ टक्के रुग्णांच्या पुढे लिहिले होते : कारण अनिश्चित. एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्मे पहिल्यांदा आले तेच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात. आणि ‘कारण अनिश्चित’ असलेले रुग्ण इतरांपेक्षा तरुण, अधिक गरीब आणि अधिक पुढच्या टप्प्यात आलेले होते.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. या देशात आजाराचे कारण माहीत नसणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. ते गरिबाच्या वाट्याला जास्त येते.

अनुराधपुराचे शेतकरी

श्रीलंकेतील अनुराधपूर आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष तिथे आजही उभा आहे आणि महाराष्ट्रातून उपासक-उपासिका त्याच्या दर्शनाला जातात. त्याच अनुराधपूर आणि शेजारच्या पोलोन्नरुवा जिल्ह्यांत १९९०च्या दशकात डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. भातशेती करणारे शेतकरी किडनी निकामी होऊन येत होते. त्यांना मधुमेह नव्हता, फारसा रक्तदाबही नव्हता. सुरुवातीला सूज नाही, लघवीत प्रथिने जेमतेम. त्रास जाणवेपर्यंत बरीच वर्षे निघून गेलेली.

तिथे बायोप्सीने दिशा दिली. बिघाड मुख्यतः गाळण्यांत नव्हता, तो नलिकांत आणि त्यांच्या भोवतालच्या ऊतीत होता. प्रतिपिंडांचा साठाही नव्हता. म्हणजे मधुमेह नव्हे, प्रतिकारशक्तीचा आजारही नव्हे. बाहेरून काहीतरी नलिकांना इजा करत होते. मग संशयितांची यादी तयार झाली : विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड आणि क्षार, कॅडमियम, कीटकनाशके आणि तणनाशके, उन्हातले कष्ट आणि कमी पाणी पिणे. २०१५ मध्ये श्रीलंकेने ग्लायफोसेट या तणनाशकावर बंदी घातली. एकच एक गुन्हेगार मात्र अजून सिद्ध झालेला नाही, अनेक कारणे मिळून हा आजार होत असावा असे बऱ्याच संशोधकांना वाटते. पण वाद ज्या पातळीवर पोहोचला, त्याचे श्रेय बायोप्सीला आणि गावोगावच्या तपासणीला जाते.

आंध्र प्रदेशच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम या नारळ-काजूच्या पट्ट्यातही हीच कथा आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर आणि निकाराग्वात, असाच आजार ऊसतोड मजुरांना झाला. तिथले कामगार तिशी-चाळिशीत दगावू लागले. एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात मांडले आणि २०१३ मध्ये तेथील बायोप्सींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे उष्णता आणि शरीरातले पाणी आटणे यांवर संशय एकवटला. पुढे निकाराग्वातील एका साखर कारखान्यात मजुरांना पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती देण्याचा प्रयोग झाला. विश्रांती वाढवल्यावर हंगामात किडनीला होणारी इजा लक्षणीय घटली. महागड्या यंत्राशिवाय, औषधाशिवाय हे झाले. मालकाने मजुराला माणूस समजून थोडा वेळ बसू दिले, एवढेच.

मग आपले काय?

मराठवाड्यातून दरवर्षी लाखो हात कोयता घेऊन बाहेर पडतात. विदर्भातील अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या गावांतून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येतात. या दोन्ही ठिकाणी आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. वीटभट्टीवर, बांधकामावर आणि रस्त्याच्या डांबरावरही आहेत.

इथेही तोच आजार आहे असे ठोकून देणे चूक आहे आणि नाही म्हणणेही तितकेच चूक. मोजल्याशिवाय दोन्ही विधाने पोकळ ठरतात. खारे पाणी हे कारण असेल, पण ‘पाण्यामुळे होते’ असे म्हणून मोकळे होणे आणि ‘नशिबात होते’ असे म्हणून मोकळे होणे यांत फार अंतर नाही. तथागतांनी ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला सांगितले. कारणाशिवाय कार्य नाही हा प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात शिकतो. दुःख आहे हे मान्य करून धम्म थांबत नाही, ते दूर करण्याचा मार्ग दाखवतो. केसपेपरवर ‘कारण अनिश्चित’ असे लिहून फाइल बंद होते तेव्हा अर्धेच काम झालेले असते.

नोंदीत काय हवे, हाही प्रश्न आपण विचारायला हवा. वय, लिंग आणि निदान पुरेसे नाही. रुग्ण काय काम करतो, किती तास उन्हात असतो, पाणी कुठले पितो, फवारणी करतो का, कोणत्या वेदनाशामक गोळ्या घेतो, हे रकाने हवेत. आणि सामाजिक गट? काहींना हा प्रश्न टोचेल. जात शरीरात नसते. पण जातीमुळे वाट्याला आलेले काम, पाणी आणि दवाखान्याचे अंतर शरीरात उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आकडे सामाजिक गटांनुसार दिले जातात, मग किडनीच्या बाबतीत का नकोत? नाव-गाव गुप्त ठेवून हे करता येते.

मात्र नोंद कशासाठी, हेही स्पष्ट हवे. अमेरिकेत किडनीची क्षमता काढण्याच्या प्रचलित सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर वाढवून धरले जाई. २००९च्या सूत्रात ही वाढ सुमारे १६ टक्के होती. परिणामी कागदावर त्यांची किडनी होती त्यापेक्षा चांगली दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये वंशाचा गुणक नसलेले सूत्र आले. २०२३ पासून अशा रुग्णांचा वाया गेलेला प्रतीक्षाकाळ त्यांना परत जोडून देणे सुरू झाले. वंश हा शरीराचा गुण मानला, तेव्हा आकड्यानेच अन्याय केला. अन्याय शोधण्यासाठी मोजले तर तोच आकडा न्यायाचे साधन होतो. हा फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

विहारातून करता येण्यासारखे

देशपातळीवरची नोंद सरकार आणि रुग्णालये करतील, त्यासाठी मागणी आपण करू. पण काही गोष्टींसाठी कुणाची वाट पाहायची गरज नाही.

जयंतीच्या आरोग्य शिबिरात आपण साखर, रक्तदाब तपासतो आणि चष्मे वाटतो. त्यात दोन चाचण्या वाढवाव्यात : लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन. लघवीची पट्टी अगदी स्वस्त असते. क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत किडनीची जवळपास निम्मी ताकद गेलेली असू शकते, म्हणून एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. आणि अनुराधपुराच्या अनुभवातून हेही शिकावे की एकटी लघवीची पट्टीही पुरत नाही. दोन्ही हव्यात. बिघाड दिसला तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून खात्री करावी आणि दरम्यान डॉक्टरांना दाखवावे.

लघवीला फेस येणे, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, लघवीतून रक्त, रात्री वारंवार उठावे लागणे, यांपैकी काही असेल तर थांबू नये. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज खाऊ नयेत, विशेषतः उन्हात राबून घाम गेलेला असताना. बिनलेबलची क्रीम आणि भस्माच्या पुड्या घरात ठेवू नयेत. मधुमेह असेल तर किडनीची तपासणी दरवर्षी करावी. बाबासाहेबांनाही याच आजाराने पोखरले होते, हे लक्षात असू द्यावे.

डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली तर घाबरून घरी पळू नये. कशासाठी करायची, निदानाने उपचार बदलणार आहे का, धोका किती, हे विचारावे. पटले तर करून घ्यावी. तिचा अहवाल जपून ठेवावा, तो रेशनकार्डाइतकाच महत्त्वाचा कागद आहे. आणि डॉक्टर विचारो न विचारो, आपण काय काम करतो आणि कुठले पाणी पितो हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावे.

प्रत्येक विहाराने एक साधी वही ठेवली तरी चालेल : वस्तीत किडनीचा रुग्ण कोण, वय किती, काम काय, निदान काय, कधी कळले. घरच्यांच्या संमतीने आणि गुप्तता राखून. ही शास्त्रीय रजिस्ट्री होणार नाही. पण एखाद्या गल्लीत पाच नावे एकाखाली एक आली, तर ती वही घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात उभे राहता येईल. पुढच्या पुण्यानुमोदनात कुणी “किडनी फेल झाली” असे म्हणाले, तर आपण एक प्रश्न अधिक विचारू : कशामुळे?